हिवाळ्यातला एक निवांत दिवस: मुंगवड्या, सांदवाडी आणि वाकळ

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत विदर्भात घरच्या बारीकसारीक कामांना दिवस सोयीचे असतात. ऊन कडक नसतं, हवा कोरडी असते, घाम येत नाही. हा लेख नवख्यांसाठी आहे: नोकरीनिमित्त गावात राहायला आलेले, शहर सोडून परतलेले, लग्न होऊन आलेल्या सुना, किंवा घरामागे चार हात जागा असूनही तिच्यात कधी कुदळ न मारलेले. दिवसाला तीन कामं धरली आहेत: मूग डाळीच्या मुंगवड्या घालणं, सांदवाडीत म्हणजे घरामागच्या परसात भाजीचा एक वाफा पेरणं आणि वाकळ म्हणजे जुन्या कापडांची गोधडी शिवायला घेणं. संध्याकाळी ओल्या तुरीच्या दाण्यांचा, म्हणजे सोल्यांचा, सोलेभात.

ही कामं अवघड नाहीत. नवख्यांची फजिती होते ती बहुतेक वेळ चुकल्यामुळे. नागपूरकडे जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या दहा मिनिटं आधी उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. अकोला-बुलढाण्याकडे दोन्ही वेळा आठ-बारा मिनिटं पुढे धरा. पण कामाचं ऊन नऊ ते चार, एवढंच. वड्यांना ते सगळंच्या सगळं लागतं, म्हणून त्या आधी. पानांवरचं दव वाळल्याशिवाय बागेत हात घालायचा नसतो, म्हणून बाग त्यानंतर. बारीक टाक्याला भर दुपारचा उजेड हवा. निंबोळीची फवारणी ऊन उतरल्यावरच. हा क्रम पाळला की धावपळ होत नाही.

चार दिवस आधी आणि आदल्या रात्री

काळ्या जमिनीत पेरायचं असेल तर तयारी चार दिवस आधी सुरू होते. जिथे वाफा करायचा ती जागा पाण्याने चांगली भिजवून ठेवा. भारी काळी माती ओली असताना खणली तर तिची ढेकळं होतात आणि ती वाळली की विटेसारखी फुटत नाहीत; कोरडी खणायला गेलं तर कुदळ आत जात नाही. मधली अवस्था म्हणजे वाफसा, आणि थंडीत भारी जमिनीला तो यायला चार-पाच दिवस लागतात. मुरमाड किंवा हलकी जमीन असेल तर दोन दिवस पुरे.

आदल्या रात्री जेवणं झाली की तीन भांडी मांडा.

पहिल्यात अर्धा किलो सालीची मूग डाळ, वर चार बोटं पाणी. दुसऱ्यात धने आणि पालकाचं बी, वेगवेगळ्या वाट्यांत. धने आधी चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा. एका धन्यात दोन बिया असतात आणि अख्खा पेरला तर उगवण विरळ होते. मिक्सरला लावू नका, बीच फुटतं. किराणा दुकानातले धने कधी जुने असतात. पेरायला त्याच वर्षीचे घ्या. तिसऱ्या भांड्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर कापडाच्या पुरचुंडीत बांधून अर्धा लिटर पाण्यात बुडवून ठेवा.

रात्री आभाळ बघा. ढग असतील किंवा हवा कोंदट वाटत असेल तर डाळ भिजवू नका. वडी पहिल्या दिवशी उन्हाला मुकली की तिला आंबूस वास येतो, आणि तो तळूनही जात नाही.

सकाळ: मुंगवड्या

सात वाजता डाळ चोळून धुवा. वर आलेली सालं पाण्याबरोबर सोडून द्या. सगळी काढायचा हट्ट नको. थोडी साल राहिली तर वडी खुसखुशीत होते. डाळ चाळणीत १५ मिनिटं निथळत ठेवा. इथे घाई केली की पुढे पीठ सैल होतं. निथळलेल्या डाळीतली एक मूठ बाजूला काढून ठेवा.

अर्धा किलो डाळीला हे लागेल: हिरव्या मिरच्या ५० ग्रॅम, लसणाचा एक मोठा गड्डा, बोटाच्या पेराएवढं आलं, जिरं एक चमचा, जाडसर कुटलेले धने एक चमचा, मूठभर चिरलेला सांबार (कोथिंबीर), चिमूटभर हिंग, आणि मीठ चहाच्या सपाट चमच्याने दीड चमचा. मीठ कमी वाटेल, पण वाढवू नका. वडी वाळून आटते तेव्हा खारटपणा वर येतो, शिवाय जास्त मिठाची वडी पावसाळ्यात हवेतली ओल ओढून मऊ पडते.

मिरची-लसूण-आलं वेगळं वाटा. डाळ पाट्यावर वाटणार असाल तर पाण्याचा थेंबही लागत नाही. मिक्सरमध्ये भांडं एक तृतीयांशच भरा, थांबून थांबून फिरवा, मधे चमच्याने खालचं वर करा. पीठ रवाळ राहायला हवं. सैल झालंच तर बेसन घालू नका, वडी दगड होते. बाजूला ठेवलेली मूठभर डाळ कोरडीच भरड वाटून मिसळा.

आता फेसणं. नवखे हीच पायरी टाळतात, आणि वडी शिजत नाही ती त्यामुळेच. सगळं एकत्र करून परातीत हाताने एकाच दिशेने आठ-दहा मिनिटं फेसा. पिठाचा रंग फिका होतो, हाताला हलकं लागतं. वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब सोडा: तरंगला की झालं, बुडाला की आणखी दोन मिनिटं. न फेसलेल्या वडीत हवा शिरत नाही, ती आतून घट्ट वाळते आणि रश्शात अर्धा तास उकळूनही मधे कचकचीत राहते.

वड्या घालायला बाज (दोरीची खाट) उत्तम. तिच्यावर जुनं धुतलेलं सुती धोतर ताणून बांधा. खालूनही वारा लागतो. प्लास्टिकवर वड्या सुटतात लवकर, पण बुडाशी ओल धरतात, म्हणून आमचा कौल कापडाला. बाजेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. बोटं पाण्यात बुडवत बोराएवढ्या वड्या घाला, दोन वड्यांत बोटभर जागा सोडा. अर्ध्या किलोच्या दोनेकशे होतात. एका माणसाला पाऊण तास लागतो. नऊपर्यंत बाज उन्हात गेलेली असावी. वर मच्छरदाणीचा जुना तुकडा टाका, तो वड्यांना टेकणार नाही एवढा उंच बांधा. माकडं येणाऱ्या गावात मात्र जाळीचा उपयोग नाही, कोणीतरी ओसरीत बसलेलं हवं; दुपारी शिवायला बसणार आहातच.

साडेनऊनंतर: सांदवाडीत

आधी पाच मिनिटं नुसती फेरी. दव वाळलेलं आहे याची खात्री करा. ओल्या पानांना हात लावत फिरलं की एका झाडाची बुरशी दुसऱ्याला पोचते, वाल आणि वाटाण्यावर तर हमखास.

वांगं असेल तर शेंड्यांकडे बघा. बाकी झाड ताठ आणि एखादाच कोवळा शेंडा मान टाकून लोंबलेला दिसला तर ते पाण्याचं दुखणं नव्हे. शेंडा दोन बोटांत धरून हळूच फिरवा: देठाच्या बेचक्यापाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि त्याच्या तोंडाशी काळपट विष्ठा दिसेल. आत शेंडा पोखरणारी अळी आहे. वाळलेल्या भागाच्या दोन इंच खालून कापा, चिरून अळी आहे का ते पाहा आणि तो तुकडा जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. उकिरड्यावर टाकला तर अळी तिथे कोष करते आणि पतंग परत तुमच्याच वांग्यावर येतो. हीच अळी पुढे फळात शिरते, म्हणून आठवड्यातून एकदा शेंडे खुडणं हा वांग्याचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. वालाच्या कोवळ्या शेंगांवर काळा मावा चिकटलेला दिसला तर ती झाडं लक्षात ठेवा, त्यांची पाळी संध्याकाळी.

आता वाफा. पहिल्या खेपेला ३ फूट रुंद, १२ फूट लांब एवढाच करा. रुंदी तीन फुटांहून जास्त नको: दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचला पाहिजे. भिजलेल्या काळ्या मातीवर पाय पडला की तिथली माती दबून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

जागा निवडताना नवखे एक गोष्ट विसरतात. पावसाळ्यात जिथे दिवसभर ऊन होतं तिथे आता सावली असू शकते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे भर दुपारीसुद्धा भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ भिंतीच्या उंचीएवढी पडते. आठ फुटी भिंत असेल तर तिच्या उत्तरेचे आठ फूट सोडूनच वाफा धरा. पालेभाजीला निदान पाच-सहा तास ऊन हवं.

वाफसा आला का ते असं बघा: चार बोटं खोलीवरची मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून मोकळा झाला तर खणायला घ्या. तसाच पडून राहिला तर आणखी एक दिवस थांबा. लाडू वळतच नसेल तर पाणी देऊन पुन्हा वाट पाहा. इथे जबरदस्ती केली तर त्या हंगामापुरता वाफा गेला समजा.

सहा ते आठ इंच खणा, ढेकळं फोडा, हरळीची मुळं वेचून बाहेर टाका. हरळीचा तुकडा राहिला तरी फुटतो. वर दोन घमेली, म्हणजे साधारण २० किलो, कुजलेलं शेणखत पसरून वरच्या चार इंचांत मिसळा. कुजलेलं म्हणजे काळं, भुसभुशीत, शेणाचा वास न येणारं, हातात धरलं तर गरम न लागणारं. उकिरड्यावरचं कच्चं शेणखत घातलं की त्याबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, वाळवीही लागते.

पावसाळ्यात काळ्या मातीत गादीवाफा लागतो, कारण पाणी तुंबून मुळं सडतात. हिवाळ्यात उलट करा: वाफा सपाट ठेवा आणि कडेने वीतभर रुंद, चार बोटं उंच मातीचा बांध घाला. दिलेलं पाणी आतच मुरलं पाहिजे. कोणीतरी चित्रात बघून थंडीत उंच गादीवाफे करतं, त्यांच्या कडा दोन दिवसांत वाळून फाटतात आणि कडेचं पीक आधी पिवळं पडतं.

वाफ्याचे ४-४ फुटांचे तीन भाग करा.

पहिल्यात मेथी, २० ग्रॅम बी. बी थोड्या बारीक वाळूत मिसळून फेका, म्हणजे एकाच जागी पडत नाही. दुसऱ्यात सांबार, रात्री भिजवलेले १५ ग्रॅम धने. तिसऱ्यात पालक, ५-६ ग्रॅम बी, आठ-आठ इंचांवर ओळी पाडून. भिजवलेलं बी पेरायच्या आधी तासभर सावलीत कापडावर पसरा, नाहीतर बोटांना चिकटून गठ्ठ्याने पडतं. खोली सगळ्यांची अर्धा इंच, बोटाच्या नखाएवढी. खोल गेलं की थंड मातीत बी कुजतं.

बियांवर काळी माती ओढू नका. पाणी पडलं की ती लिंपल्यासारखी बसते, वाळल्यावर वर पपडी धरते, आणि मेथीचा कोंब ती फोडू शकत नाही. चाळलेल्या शेणखताचा अर्धा इंच थर द्या. त्यावर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) विरळ पसरा; भंडारा-गोंदियाकडे धानाची तणीस (भाताचा पेंढा) चालेल. झारीने पाणी द्या, बादलीने ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. झारी नसेल तर पत्र्याच्या डब्याच्या बुडाला बारीक खिळ्याने भोकं पाडा.

डबा तेलाचा चालेल, औषधाचा कधीही नाही. कपाशीवरच्या फवारणीचे रिकामे डबे गावात चहूकडे पडलेले असतात, धुतल्यावर स्वच्छ दिसतात, आणि तरीही ते भाजीजवळ आणायचे नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ती औषधं काय ताकदीची असतात हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. शेतातला फवारणी पंपही परसात वापरू नका. पंपात आधी तणनाशक असेल तर तळाशी उरलेल्या घोटभरानेही पालेभाजी जळते.

मेथी पाचव्या-सहाव्या दिवशी दिसते, पालक आठ-दहा दिवसांनी, सांबार थंडीत दहा ते पंधरा दिवस घेतो. सांबार उगवला नाही म्हणून आठव्या दिवशी उकरून बघणारे बरेच, थांबा. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी कुटार अलगद उचलून ओळींच्या मधे सरकवा, वरच राहिलं तर रोप लांबुडकं होऊन पडतं. उगवेपर्यंत रोज हलकी झारी, नंतर दर चार दिवसांनी पूर्ण वाफ्याला १५ लिटरच्या तीन बादल्या. पाणी सकाळी दहाच्या सुमारास द्या. गार रात्री ओल्या मातीत कोवळी रोपं बुडाशी काळी पडून माना टाकतात, आणि पारा १० अंशांच्या खाली उतरतो त्या रात्री तर नक्कीच. मेथी महिनाभरात उपटायची. पालक पस्तीस दिवसांनी, जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापायचा. तीन-चार कापण्या मिळतात. सांबाराला दीड महिना धरा.

मोरीचं साबणाचं पाणी पालेभाजीला सोडू नका, ते केळीला किंवा पपईला जाऊ द्या.

कुंपणाला पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) सगळ्यात आधी आठवते, कारण ती फुकट असते. वापरायचीच असेल तर तिच्यावरची वाळकी, अर्धवट उमललेली बोंडं तोडून जाळा; गुलाबी बोंडअळी त्यांत दडून बसते आणि पुढच्या कपाशीपर्यंत टिकते. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) त्यापेक्षा बऱ्या. कोंबड्या असतील तर खालचा दीड फूट दाट हवा. ताज्या पेरलेल्या वाफ्यावर त्या सगळ्यात आधी येतात.

साडेअकरा-बारापर्यंत आटपा, हातपाय धुवा, जेवा.

दुपार: वाकळ

पूर्ण मापाची वाकळ पहिल्यांदा घेऊ नका. ३ फूट बाय ३ फुटांचं बाळाचं दुपटं किंवा बसायची वाकळ घ्या. टाके तेच, चुका त्याच, पण हातावेगळी होते. हिशेब असा: बाहेरून आत एकेक इंचावर धावदोऱ्याचे फेरे घेतले तर एकूण शिलाई साधारण ११० फूट होते. नवख्या हाताने तासाला आठ-दहा फूट होतात. म्हणजे बारा तासांचं काम, रोज दोन तास बसलं तर सहा दुपारी. दोरा एकेरी ४० मीटर लागतो, दुहेरी ओवला तर ८०. एवढा एकदमच आणा, नंतर आणलेल्या दोऱ्याचा रंग जुळत नाही.

कापड सुतीच हवं: जुनी लुगडी, धोतरं, सुती साड्या, चादरी. वापरून मऊ झालेल्या कापडाचीच वाकळ अंगाला चांगली लागते. मऊ आणि विरलेलं यांत फरक करता आला पाहिजे. कापड उजेडाकडे धरा. ताणा-बाणा विरळ दिसेल तिथे दोन्ही अंगठ्यांनी ओढून बघा. फाटलं तर ते वरच्या-खालच्या थराला नको, आतल्या थराला चालेल. नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या बाजूला ठेवा. त्या घाम टिपत नाहीत आणि सुती थरांमधे घसरत राहतात. रंग उतरतो का ते पांढरं ओलं फडकं घासून तपासा. लाल कापड याबाबतीत सगळ्यात दगा देतं.

सगळं कापड गरम पाण्यात धुऊन खळ काढा आणि कडक वाळवा. मगच काठ, पदर, जुन्या शिवणी उसवा. तुकडे कात्रीने कापण्यापेक्षा कडेला छोटी चीर देऊन हाताने फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, कडा सरळ येते; कात्री नवख्या हातात तिरपी जाते आणि तिरपा तुकडा शिवताना ताणतो.

थर चार: खाली एक अखंड कापड, मधे दोन जुने थर, वर दर्शनी कापड. वरचं तुकडे जोडून करायचं असेल तर ते आधी पूर्ण जोडून, शिवणी एका बाजूला दाबून तयार ठेवा. पाच थर झाले की सुई जड जाते, बोटं दुखतात आणि काम फळीवर जाऊन पडतं. चारच ठेवा.

ओसरीत स्वच्छ सतरंजी अंथरून तिच्यावर एकेक थर पसरा. प्रत्येक थर मधून चारी बाजूंना तळहाताने सारखा करा. एकदम चारही अंथरून वरून सारखं केलं तर खालच्या थरातली सुरकुती तशीच राहते. कोपऱ्यांवर पाट किंवा वरवंटा ठेवा. आता कच्चा टाका. मधल्या बिंदूपासून चारी कडांकडे, मग चारी कोपऱ्यांकडे, लांब-लांब टाक्यांनी, दोन ओळींत वीतभर अंतर. पांढऱ्या कापडावर रंगीत दोरा वापरा, शेवटी उसवायला दिसला पाहिजे. कच्चा टाका हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण पुढचे सहा दिवस थर जागेवर राहतात ते त्याच्याच जिवावर. तो नसेल तर प्रत्येक फेऱ्याबरोबर कापड थोडं थोडं आत ढकललं जातं आणि शेवटी मधोमध झोळ येतो. तो उसवल्याशिवाय जात नाही.

सुई लांब, मोठ्या नेढ्याची. गोणपाटाचा दाभण नको, जुन्या कापडाला कायमची भोकं पडतात. दोरा सुती, नायलॉनचा दोरा धुण्यागणिक जुनं कापड कापत जातो. एका वेळी दीड हात दोरा ओवा. जास्त घेतला की गुंता होतो, कापडातून वारंवार ओढला जाऊन विरतोही. मेणबत्तीवरून एकदा ओढला की सरळ चालतो. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, नसेल तर चिकटपट्टीचे दोन वेढे.

आधी चारी कडा इंचभर आत दुमडून शिवा. दर्शनी आणि खालची कड समोरासमोर आत वळवा, मधले थर त्यांच्या आत गेले पाहिजेत. कोपऱ्यावर आधी टोक तिरपं आत घाला, मग दोन्ही बाजू. मग कडेपासून इंचभर सोडून पहिला फेरा, त्याच्या आत दुसरा, असं मधाकडे जा. फेरा वळवताना कोपऱ्यावर सुई कापडात असतानाच वाकळ फिरवा.

टाका असा: सुई खाली सरळ उभी रोवा, तिरपी नाही. तिरपी सुई वरचे तीन थर धरते आणि चौथा सोडते; वरून सगळं छान दिसतं, उलटवून बघितलं की खाली टाकेच नाहीत. प्रत्येक ओळ संपली की उलट बाजू बघायची सवय लावा. इंचाला तीन ते चार टाके पुरेत. सुईवर एकदम तीन-चार टाके भरून घ्या, मग दोरा ओढा, आणि कापड सपाट राहील इथपर्यंतच ओढा. पहिल्या दिवशी सगळेच दोरा घट्ट ओढतात आणि कापड चुण्या धरतं. चुण्या दिसल्या तर ओळीवरून नखाने दाबत दोरा मागे सारा, बहुतेक वेळा उसवावं लागत नाही.

दोरा संपताना वर गाठ मारू नका. जागच्या जागी दोन उलटे टाके घ्या, सुई थरांच्या मधून इंचभर पुढे नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापा. टोक आत दडतं. बाळासाठी असेल तर टिकल्या, बटणं, जरीचा काठ काही लावू नका, आणि काम उचलताना सुया मोजून पेटीत टाका.

बसायची जागा अशी की उजेड डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्यांनी उलट. पांढऱ्या कापडावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात आणि टाके वाकडे जातात. दर अर्ध्या तासाने उठा, वड्यांकडे एक चक्कर मारा. रेडिओ लावायला ही चांगली वेळ; कान मोकळे असतात.

चारनंतर

दव पडायच्या आत बाज घरात घ्या. पहिल्या दिवशी वड्या वरून कोरड्या, आतून ओल्या असतात. झाकून ठेवू नका, उघड्याच राहू द्या.

मग निंबोळी. पुरचुंडी पिळून घ्या, पाणी घालून एक लिटर करा, कपड्याच्या साबणाचा चिमूटभर कीस कोमट पाण्यात विरघळवून मिसळा, फडक्यातून गाळा. सकाळी हेरलेल्या झाडांवर पानांच्या खालून मारा, मावा तिथेच असतो. उन्हात मारलेला अर्क लवकर निकामी होतो, म्हणून हीच वेळ. उरलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. फवारलेल्या शेंगा चार-पाच दिवसांनी, धुऊन खा.

चुलीवर भात टाकायच्या आधी सोले काढायला बसा. चार हात असले तर वीस मिनिटांत होतं. दोन-तीन माणसांना एक वाटी सोले, त्यासाठी अर्धा किलो ओल्या तुरीच्या शेंगा. हिरव्या, भरलेल्या घ्या. पिवळट पडलेल्या शेंगेतले दाणे निबर होतात आणि भात झाला तरी शिजत नाहीत. शेंगेला भोक दिसलं की आत अळीने खाल्लेला दाणा असणार, तो काढून टाका.

दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, एक चिरलेला कांदा. मग लसूण, आलं, मिरची, सांबाराचं ओलं वाटण. हळद घालून सोले टाका आणि झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. तांदूळ घालायच्या आधी सोले नखाने दबले पाहिजेत. एक वाटी धुतलेला तांदूळ परता, अडीच वाट्या उकळतं पाणी, मीठ, मंद आच. नव्या तांदळाला पाणी दोन वाट्याच, नाहीतर गिजगोळा होतो. बरोबर कढी आणि जवसाची चटणी.

पुढचे दिवस

वड्या दुसऱ्या दिवशी दुपारी कापडावरून सोडवा. कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारा, पाच मिनिटांनी अलगद सुटतात; ओढून काढल्या तर बूड कापडालाच राहतं. सुटलेल्या वड्या ओलं बूड वर करून पसरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक फोडून बघा: कट्कन तुटली आणि आतला रंग बाहेरच्यासारखाच असला तर झाल्या. मधे गडद ठिपका दिसला तर तिथे ओल आहे, अजून एक दिवस ऊन द्या. पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा. गरम भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि बुरशी येते. भाजी करताना तेलात लालसर परतून मगच रश्शात टाका.

पुरी झालेली वाकळ कच्चा टाका काढून गार पाण्यात रिठ्याने धुवा, पिळू नका, घडी करून दाबून पाणी काढा आणि वलणीवर दोन्ही बाजूंनी वाळवा. मेच्या शेवटी नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की एक दिवस वाकळही उन्हात टाका आणि वड्यांनाही परत ऊन दाखवून बरणी बंद करा. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर बरणी उघडायची तर कोरड्या चमच्याने.